वादी रम : बेदुइन कॅम्पवर एक रात्र की दोन?

पर्वतीपायथा

नमस्कार. येत्या मार्चमध्ये मी, पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांची आई असे चौघे जॉर्डनला जाण्याचे ठरवत आहोत. पेट्रासाठी दोन दिवस राखून ठेवले आहेत. तिथून दक्षिणेला वादी रमच्या वाळवंटात जायचे आहे आणि नेमके तिथेच आमचे घोडे अडले आहे. एका कॅम्पने दुपारी पोहोचा, चार तास जीपमधून फिरा, रात्री मुक्काम करा आणि सकाळी न्याहारी करून निघा, असा बेत कळवला आहे. दुसऱ्याने तीन दिवस आणि दोन रात्रींचा बेत दिला असून त्यात वाटाड्या पूर्ण वेळ सोबत राहील, पहिली रात्र कॅम्पवर आणि दुसरी आणखी आत, एका कड्याच्या आडोशाला उघड्यावर काढायची आहे. खर्च अर्थातच दुपटीहून अधिक होतो.

दोन रात्री खरोखरच लागतात का, आणि आईच्या गुडघ्यांना त्या झेपतील का, हे जाणकारांनी सांगावे. ती पूर्ण शाकाहारी आहे, हेही आताच सांगून ठेवतो. शिवाय एक शंका मनातून जात नाही. दहा वर्षांपूर्वी आम्ही जैसलमेरजवळ समच्या वाळूत तंबूत राहिलो होतो. तिथे 'सांस्कृतिक कार्यक्रम' म्हणून ध्वनिवर्धकावर सिनेमाची गाणी लागली आणि तेव्हा दोन वर्षांची असलेली आमची मुलगी त्या गोंगाटाने रात्रभर रडत राहिली. या 'बेदुइन कॅम्प'मध्ये बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांचे, असे नक्की काय असते?

मस्कतचा_माने

मी वादी रमला एकदाच गेलो आहे; मात्र ओमानमध्ये चौदा वर्षे राहत असल्यामुळे देशातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वाहिबाच्या वाळूत नेण्याचे काम माझ्याकडेच असते. तिथे बिदियाजवळून आत शिरले की वाळूचे डोंगरच डोंगर लागतात, आणि एका टेकाडावर बसून सूर्यास्त पाहिला की पुष्कळसे पाहून होते. वादी रमची रचना वेगळी आहे. तिथे मुख्य आहेत ते वालुकाश्माचे सरळसोट डोंगर, आणि त्यांच्यामधल्या रुंद पट्ट्यांत लाल-पिवळी वाळू पसरलेली आहे. एका ठिकाणी बसून ते दिसत नाही, एका डोंगराला वळसा घालून दुसऱ्याकडे जावे लागते. त्यामुळे एका रात्रीच्या बेतात सगळा वेळ जीपमध्ये चढण्या-उतरण्यातच जातो. माझे मत दोन रात्रींना.

आईंविषयी एक सूचना करतो. तिथे जीप म्हणतात ती बहुतेक वेळा जुनी पिकअप असते, मागे दोन्ही बाजूंना बाके ठोकलेली आणि वर कापडाचे छप्पर. मागची फळी बरीच उंच असते. दिवसातून दहा-बारा वेळा त्यावर चढायचे म्हणजे गुडघ्यांची परीक्षाच असते, तेव्हा एखादे लहान स्टूल सोबत ठेवा किंवा आईंना पुढे चालकाशेजारी बसवण्याचे आधीच ठरवून घ्या.

शंकासूर

मी २०१९ साली गेलो होतो आणि एका रात्रीतच माझे समाधान झाले, किंबहुना अर्ध्या रात्रीतही झाले असते. संकेतस्थळावर पाच दिनारला खाट पाहून मी नोंदणी केली. पोहोचल्यावर समजले की जीपची सहल त्यांच्याकडूनच घेणे बंधनकारक आहे आणि तिचा दर इतरांच्या दीडपट आहे. कॅम्पही संरक्षित क्षेत्रात नव्हता. तो दिसा गावाच्या बाजूला, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचे दिवे दिसतील इतक्या अंतरावर होता. शेजारच्या कॅम्पात मंगळावरच्या वसाहतीसारखे पारदर्शक घुमट उभे होते आणि त्यांत वातानुकूलन चालू होते.

स्वयंपाकी इजिप्तचा होता. यजमानांचे स्वतःचे घर गावात, सिमेंटचे, गच्चीवर पाण्याच्या टाक्या असलेले होते, हे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले. संध्याकाळी ते लांब अंगरखा आणि डोक्याला रुमाल घालून आमच्यासमोर आले आणि 'वाळवंट हेच आमचे घर' असे म्हणाले. माणूस भला होता, पण पैसे मोजून नाटक पाहायचे असेल तर ते बालगंधर्वला स्वस्तात पडते.

हिशेबनीस

खर्चाचा मुद्दा निघाला आहे म्हणून लिहितो. तुम्ही जॉर्डनमध्ये किमान तीन रात्री राहणार असाल तर निघण्यापूर्वीच जॉर्डन पास घ्यावा. आम्ही घेतला तेव्हा पेट्राच्या दोन दिवसांसह तो ७५ दिनारला होता, त्यात ४० दिनारचे व्हिसा शुल्क माफ झाले आणि वादी रमच्या प्रवेशाचे ५ दिनारही त्यातच आले. दिनार डॉलरशी बांधलेला असून एका दिनाराला सुमारे १.४१ डॉलर पडतात, त्यामुळे 'पाचच दिनार' हे ऐकायला जितके हलके वाटते तितके नसते. शंकासूर यांना आलेला अनुभव टाळण्यासाठी मुक्काम, जीप, जेवण आणि पाणी यांचा एकत्रित आकडा लेखी मागवावा, आणि कॅम्प रम गावाच्या पलीकडे संरक्षित क्षेत्रात आहे की दिसाच्या बाजूला, हे थेट विचारावे.

रानवाटा

शंकासूर, तुमची फसवणूक झाली हे खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आपल्याकडे धनगराने गावात पक्के घर बांधले आणि मुलांना शाळेत घातले, म्हणून तो धनगर राहिला नाही असे आपण म्हणतो का? रम गावातले लोक मुख्यत्वे झलाबिया जमातीचे आहेत आणि दिसाच्या बाजूचे झुवैदा. कोणत्या घळीत पावसाचे पाणी साचते, कोणत्या कड्याखाली वारा लागत नाही, हे त्यांना तिथे राहून माहीत झाले आहे, आणि ते ज्ञान सिमेंटच्या घरात राहायला गेल्याने पुसले जात नाही. पेट्रा आणि वादी रमच्या बेदुइनांचे हे ज्ञान, त्यांच्या कथा आणि काव्य युनेस्कोने २००८ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. वादी रम स्वतः २०११ साली नैसर्गिक आणि सांस्कृतिक अशा दोन्ही कारणांसाठी जागतिक वारसा ठरले.

मी दोन वर्षांपूर्वी तीन रात्री राहिले. पहिल्या दिवशी आम्ही खजालीच्या घळीत गेलो तेव्हा बाहेर सतरा गाड्या उभ्या होत्या. ती घळ म्हणजे डोंगराला पडलेली एक अरुंद चीर आहे. तिच्या भिंतींवर माणसे, रानबकरे, पावलांचे ठसे आणि थमुदी या प्राचीन लिपीतील अक्षरे कोरलेली आहेत. समोरच्या माणसाच्या पाठीपलीकडे मला काहीही दिसले नाही. आमचा वाटाड्या काही बोलला नाही. मात्र तिसऱ्या दिवशी त्याने आम्हाला उजाडताच पुन्हा तिथे नेले आणि तेव्हा घळीत आम्ही तिघेच होतो. तिरप्या उजेडात एकेक रेघ खोदल्यासारखी वर आली. या परिसरात अशी सुमारे २५ हजार शिल्पचित्रे आणि २० हजार कोरीव लेख आहेत. एका रात्रीच्या बेतात सतरा गाड्यांची वेळ हीच तुमची वेळ असते, कारण सगळेच दुपारी येतात आणि सकाळी जातात.

दुसऱ्या दिवशी आम्ही सौदी सीमेजवळच्या उम्म अद दामीवर चढलो. हे जॉर्डनचे सर्वोच्च शिखर असून त्याची उंची १८५४ मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून दोनशे मीटर अधिक. आकड्याने घाबरू नये, कारण जीप बरेच वर नेऊन सोडते आणि पुढची चढण दोन तासांच्या आतच संपते. पर्वतीपायथा यांच्या मुलीला ते सहज जमेल; आईंनी मात्र खाली चहा घेत बसावे.

आणखी एक गोष्ट मुलीला जरूर दाखवा. जबल रम या डोंगराच्या पूर्व अंगाला ठरावीक उंचीवर हिरवळीचे ठिपके एका ओळीत दिसतात. वरचा वालुकाश्म सच्छिद्र आहे, त्यामुळे पावसाचे पाणी त्यातून झिरपते. खालच्या ग्रॅनाइटपाशी ते अडते आणि जिथे हे दोन खडक भेटतात तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. माणसांची वस्ती इथे का झाली, याचे उत्तर त्या एका ओळीत आहे.

चहाबाज

'आईंनी खाली चहा घेत बसावे' या शिफारशीला माझा बिनशर्त पाठिंबा आहे. वाळवंटात जाण्यासाठी मला याहून मोठे कारण लागत नाही.

दिमोनाकर

मी इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या दिमोनात राहते. आमचे कुटुंब मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, आणि घरात अजूनही मराठी बोलली जाते. काही वर्षांपूर्वी आम्ही एलातहून सीमा ओलांडून जॉर्डनच्या अकाबाला गेलो होतो आणि तिथून तासाभरात वादी रमला पोहोचलो. नोकरीच्या ठिकाणी माझे अनेक सहकारी बेदुइन आहेत. त्यांतले बरेचसे राहातसारख्या शहरांत बहुमजली घरांत राहतात, पण घरी पाहुणा आला की कॉफीचा मान पहिल्याने कोणाला द्यायचा यावर आजही गंभीर चर्चा होते. रानवाटा यांचे म्हणणे म्हणूनच मला पटते.

चहा तिथे भरपूर मिळतो, मरामिया नावाची पाने घातलेला आणि चहाबाज यांनाही गोड वाटेल इतका साखरेचा. खरी परीक्षा मात्र कॉफीची आहे. वेलदोडा घातलेली कडू कॉफी बिनकानाच्या लहान कपात, तळाशी जेमतेम दोन घोट अशी देतात. कमी दिली म्हणून रागावू नये, कारण काठोकाठ भरलेला कप म्हणजे 'प्या आणि निघा' असा अर्थ होतो. पहिला कप पाहुण्याचा, दुसरा आनंदाचा आणि तिसरा तलवारीचा मानतात, म्हणजे तिसरा घेतला की संकटात यजमानाच्या पाठीशी उभे राहण्याचे वचन दिल्यासारखेच झाले. नको असेल तेव्हा कप परत देताना मनगटाने किंचित हलवायचा असतो. माझ्या यजमानांना, म्हणजे नवऱ्याला, हे ठाऊक नव्हते. ते दर वेळी 'शुक्रन' म्हणून रिकामा कप नुसताच पुढे करत आणि तो पुन्हा भरला जाई. सात कप झाले. त्या रात्री त्यांनी सगळे तारे मोजले असावेत.

चहाबाज

आमच्या सोलापूरकडे ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून आमरस वाढतात. मनगट हलवून सुटका होणारी संस्कृती मला फारच दयाळू वाटते.

रायगडकर

शाकाहाराचा प्रश्न अजून कोणी घेतला नाही. तिथले मुख्य जेवण म्हणजे झर्ब. वाळूत पुरलेल्या लोखंडी पिंपाच्या तळाशी निखारे असतात. त्यात दोन-तीन मजल्यांची जाळी सोडतात, वर झाकण, झाकणावर जाड घोंगडी आणि घोंगडीवर वाळू लोटतात. दोन-तीन तासांनी वाळू बाजूला सारून झाकण उघडतात तो क्षण पाहण्यासारखा असतो. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात पोपटी लावतात तिची मला आठवण झाली, फक्त इथे भांबुर्ड्याचा पाला नाही आणि मडक्याऐवजी पिंप आहे.

अडचण अशी की जाळीच्या एका मजल्यावर कोंबडी किंवा मटण असते आणि दुसऱ्यावर बटाटे, गाजर, कांदे. चरबी कुठे ठिबकते हे सांगायला नको. 'शाकाहारी जेवण मिळेल का' असे विचारले तर सगळे हो म्हणतात, कारण भाज्या आहेतच. विचारायचे ते असे : भाज्या वेगळ्या भांड्यात, झाकून ठेवणार का? त्याशिवाय भात, मसूर डाळीचे सूप, हम्मस, वांग्याचे मुतब्बल आणि पातळ श्राक रोटी यांवर आईंचे उत्तम भागेल. भातावर मात्र लक्ष ठेवावे, कारण तो पुष्कळदा मांसाच्या रश्श्यात शिजवलेला असतो.

ओवी

वाटाड्याचे ज्ञान आणि जमातीचा वारसा यांविषयी रानवाटा यांनी लिहिले ते मान्य आहे, पण मला एक गोष्ट खटकली ती सांगते. मी तीन दिवसांत एकाही बेदुइन स्त्रीशी बोलले नाही, कारण मला एकही भेटली नाही. काळ्या बकरीच्या केसांचा तो तंबू, ज्याला ते 'केसांचे घर' म्हणतात, त्याचे पट्टे परंपरेने बायका विणत आल्या आहेत. पाऊस लागला की ते धागे फुगतात आणि वीण घट्ट होते, म्हणून तंबू गळत नाही, हे मला एका पुरुषाने अभिमानाने समजावून सांगितले. ज्यांनी विणले त्या पलीकडच्या गावात होत्या. शंकासूर नाटक म्हणतात तेवढे मी म्हणणार नाही, पण पाहुण्यांना घराचा पुढचा अर्धा भागच दाखवला जातो, एवढे ध्यानात असू द्यावे.

शंकासूर

ओवी यांनी माझेच म्हणणे अधिक सभ्यपणे मांडले आहे. रानवाटा, धनगराचा दृष्टांत मी मान्य करतो. पण धनगर तुमच्यासमोर मुद्दाम घोंगडी पांघरून 'वाळवंट हेच माझे घर' असे म्हणत नाही.

रानवाटा

म्हणत नाही, कारण त्याला त्याचे पैसे कोणी देत नाही. देऊ लागले तर तोही म्हणेल आणि ती घोंगडी त्याचीच असेल. ओवी यांचा मुद्दा मात्र मला आधी सुचायला हवा होता.

खगोलवेडा

तारखा अजून पक्क्या नसतील तर पाडव्याच्या अलीकडचे दोन-तीन दिवस साधा, कारण आदल्या दिवशी फाल्गुन अमावास्या असते. पौर्णिमेलाही वाळवंट सुंदर दिसते, पण तारे धुऊन जातात. वादी रम साधारण साडेएकोणतीस अक्षांशावर आहे, त्यामुळे ध्रुवतारा पुण्यापेक्षा सुमारे अकरा अंश वर दिसेल. मुलीला मूठ धरून मोजायला सांगा, हात लांब केल्यावर एक मूठ म्हणजे जवळजवळ दहा अंश. उलट अगस्तीचा तारा पुण्यात अंधार पडताच दक्षिणेला चांगला वर असतो, तो तिथे क्षितिजापासून जेमतेम आठ अंशांवर, एखाद्या डोंगराआड लपेल इतका खाली दिसेल. अरब त्याला सुहैल म्हणतात. उन्हाळा सरताना तो पहाटे दिसू लागला की कडाका ओसरणार अशी त्यांची समजूत आहे, आणि आपल्याकडे अगस्तीचा उदय झाला की पावसाळ्याचे गढूळ पाणी निवळते असे म्हणतात. उघड्यावरची रात्र घ्यायची ती यासाठी. कॅम्पवर दिव्यांच्या माळा रात्री दहापर्यंत चालू असतात.

मस्कतचा_माने

खगोलवेडा यांच्या मताला जोडून एक व्यावहारिक इशारा. मार्चमध्ये तिथली रात्र पाच-सात अंशांपर्यंत उतरू शकते. पुण्याहून जाणारे लोक वाळवंट म्हणून सुती कपडे भरतात आणि मग यजमानांच्या गोधड्यांवर सगळी भिस्त ठेवतात. कानटोपी, स्वेटर आणि जाड मोजे घ्यावेत. तसेच पावसाचा इशारा असेल तर अरुंद घळीत शिरण्याचा हट्ट धरू नये. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पेट्रात आलेल्या लोंढ्यामुळे हजारो पर्यटकांना बाहेर काढावे लागले होते. वाटाड्या नको म्हणाला तर ते नको समजावे.

पर्वतीपायथा

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही दोन रात्रींचाच बेत पक्का केला आणि गेल्या आठवड्यात परतलो, तेव्हा धागा अर्धवट ठेवणे बरे नाही.

आधी उणे ते लिहितो. भाज्या वेगळ्या भांड्यात ठेवण्याचे लेखी कबूल केलेले असूनही पहिल्या रात्री त्या कोंबडीखालच्या मजल्यावरच निघाल्या. आईने भात, डाळीचे सूप आणि खजूर यांवर रात्र काढली. पहिल्या कॅम्पवर ध्वनिवर्धक होता आणि साडेनऊपर्यंत तो चालू होता, त्यामुळे जैसलमेरची आठवण अगदीच निराधार नव्हती. एका रात्रीने परतलो असतो तर मी इथे शंकासूर यांच्या बाजूने लिहिले असते.

दुसऱ्या रात्री आम्ही पाच जणच होतो, आम्ही चौघे आणि वाटाडे, वय साठीच्या आसपास. कड्याखाली चटया आणि गाद्या टाकल्या होत्या. त्यांनी पीठ, पाणी आणि मीठ एवढ्यावर कणीक मळली, तिची जाड भाकरी थापली, निखारे बाजूला सारून ती तापल्या वाळूवर टाकली आणि वरून निखारे व राख पुन्हा ओढून घेतली. या भाकरीला ते अरबूद म्हणतात. आई स्वतःहून जवळ जाऊन बसली. तिचे माहेर परभणीकडचे आहे आणि तिथे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात. काही वेळाने तिने काटकीने राखेवर टोकून 'झाले' असे मराठीत सांगितले. वाटाड्यांनी मान हलवून आणखी दोन मिनिटांची खूण केली. बाहेर काढल्यावर त्यांनी भाकरी हातावर आपटून राख झाडली, तिचा तुकडा मोडला, आणि खालचा भाग थोडा जास्त करपलेला निघाला. आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे भाषांतर मी केले नाही.

खजालीत पहाटे गेलो, गर्दी नव्हती. मुलगी उम्म अद दामीवर चढली. अगस्ती डोंगराआडच राहिला. ओवी यांच्या प्रतिसादामुळे पत्नीने गावातल्या घरी जाता येईल का असे विचारले होते. शेवटच्या दिवशी परतताना वाटाड्यांच्या सुनेने तिला आणि आईला आत बोलावले, मी आणि मुलगी बाहेरच्या खोलीत बसलो. नंतर मुलीलाही आत नेले. आत काय बोलणे झाले ते मला तिघींनी तीन प्रकारे सांगितले आहे.

ओवी

तिन्ही प्रकार इथे लिहिण्याची पत्नीला विनंती करावी.

हिशेबनीस

एकूण खर्च आणि आईंच्या गुडघ्यांचे काय झाले, हे राहिले.

पर्वतीपायथा

खर्चाचा तक्ता सवडीने देतो. दोन रात्रींचा आकडा लेखी ठरला होता, त्यापेक्षा फक्त बक्षिसी वेगळी झाली. गुडघ्यांचे म्हणाल तर माने यांची सूचना सर्वांत उपयोगी ठरली. अकाबाच्या बाजारातून निळे प्लास्टिकचे स्टूल घेतले आणि आई त्यावर पाय देऊन चढत-उतरत होती, थकली की त्यावरच बसत होती. विमानात ते नेण्यात अर्थ नव्हता म्हणून वाटाड्यांकडेच ठेवून आलो. यापुढे तिकडे ज्येष्ठांना घेऊन जाणारे कोणी असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, मी त्यांचा क्रमांक देईन. स्टूल मागून घ्या, त्याचा एक पाय थोडा हलतो.